चहा सोडायचाय? आधी चमचा मोजा

आमच्या घरी हरतालिकेच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आईचं डोकं धरायचं. वर्षानुवर्षं. कपाळाला सुंठेचा लेप, वरून ओढणी घट्ट बांधलेली, आणि ती खिडक्या लावून आतल्या खोलीत पडलेली. "पित्त झालं, उपास बाधला," सगळे म्हणायचे. संध्याकाळी एखादी उलटी व्हायची, रात्रीच्या जागरणाला ती नसायचीच. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला चहा पोटात गेला की अर्ध्या-पाऊण तासात आई उठून मोदकांची उकड काढायला उभी राहायची. एकादशीला किंवा संकष्टीला तिला असं कधी झालं नाही. त्या उपासांना चहा चालतो. तिची हरतालिका मात्र निर्जळी. इतकी उघड गोष्ट, पण आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नाही.

माझ्या ध्यानात आली ती माझ्या स्वतःच्या एका लहानशा ऑपरेशनच्या वेळी. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं, नंबर लांबत लांबत दुपारवर गेला आणि माझं डोकं फुटायला आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासताना एकच प्रश्न विचारला, "दिवसाला चहा किती?" मी म्हटलं, "सहा-सात होतात." त्या म्हणाल्या, "मग हे डोकं चहाचं आहे."

त्यानंतर मी चहा सोडला. दोनदा फसले, तिसऱ्यांदा जमलं, आणि त्याला आता तीन वर्षं होतील. ज्यांना चहा-कॉफी सोडायची आहे किंवा निदान कमी करायची आहे, पण नेमकं कुठून धरायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

रुमाल टाकलेली सीट

आत काय चालतं हे कळलं की पुढचा त्रास सोसायला सोपा जातो, म्हणून थोडं समजून घ्या. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की सुस्ती येते, झोप येते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा आकार ॲडेनोसिनशी मिळताजुळता असल्याने ते त्याच जागा अडवतं, एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा तसं. ॲडेनोसिन उभंच राहतं आणि आपल्याला तरतरी वाटते. म्हणजे चहा शक्ती देत नाही, थकवा दारात थांबवून ठेवतो.

रोज रोज रुमाल पडायला लागले की शरीर सीटच वाढवतं. म्हणून दोन कपांचे चार होतात आणि तरी पहिल्यासारखी मजा येत नाही. मग एके दिवशी चहा बंद केला की सगळे रुमाल एकदम उचलले जातात आणि वाढलेल्या सगळ्या सीटवर ॲडेनोसिन एकाच वेळी बसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं, अंग जड होतं, कशात लक्ष लागत नाही, बोलायला गेलं की तोंडून वाकडंच निघतं. कुणाला मळमळतं, कुणाचं अंग तापाविना तापासारखं दुखतं. यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत या त्रासाची स्वतंत्र नोंद केली आहे.

त्याचं वेळापत्रकही बरंचसं ठरलेलं आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरुवात होते. दुसरा दिवस सगळ्यात वाईट. मग उतार लागतो आणि २ ते ९ दिवसांत सगळं निवळतं. आईचा शेवटचा चहा आदल्या दिवशीचा, म्हणजे हरतालिकेच्या दुपारपर्यंत बारा तास कधीच उलटलेले असायचे. रिकामं पोट आणि पाणी नाही, याचाही वाटा असणारच. पण पहिल्या चहाने अर्ध्या तासात उतरणारं डोकं मुख्यतः चहाचंच.

पायरी १: सोडायचा का, हे आधी ठरवा

हे मनापासून सांगते, चहा म्हणजे विष नव्हे. धडधाकट माणसाला दिवसाचे दोन-तीन कप सहसा काही करत नाहीत. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे, युरोप-अमेरिकेत ती ४०० धरतात. शेजारणीने सोडला म्हणून तुम्ही सोडायची गरज नाही.

पण रात्री एक-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसेल, छातीत धडधडत असेल, हात थरथरत असतील, उगीच जीव घाबरा होत असेल, रिकाम्या पोटी चहाने जळजळत असेल, तर एकदा सोडून पाहण्यात शहाणपण आहे. गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं बहुतेक ठिकाणी सांगतात. त्या दिवसांत शरीर कॅफिन फार सावकाश बाहेर टाकतं आणि शेवटच्या तिमाहीत तर ते तिप्पट वेळ रेंगाळू शकतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. चहातली टॅनिन द्रव्यं जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत दिसलं, आणि आपल्याकडे चहा-पोळी हा नाश्ता आहे. चहा सोडायचा नसला तरी जेवणाआधी आणि नंतर तासभर तो लांब ठेवा. एवढं केलं तरी पुष्कळ.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये? मनाच्या आजारासाठी लिथियम किंवा क्लोझापिन घेणाऱ्यांनी, आणि दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी. या औषधांचं रक्तातलं प्रमाण कॅफिनच्या सवयीबरोबर हलतं.

पायरी २: आठ दिवस फक्त मोजा

काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. मला विचारलं असतं तर मी "सहा कप" म्हटलं असतं. वहीत लिहायला लागल्यावर कळलं की सकाळी भांड्यात उरलेला अर्धा कप, ऑफिसात वरून मिळालेलं कटिंग, आईच्या बशीतले दोन घोट हे सगळं मी हिशेबातच धरत नव्हते.

कपांपेक्षा पावडरीचा चमचा मोजणं जास्त खरं. कोरड्या चहा पावडरीत साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं आणि खळाखळा उकळल्यावर त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं. सपाट भरलेला छोटा चमचा म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास पावडर, म्हणजे अंदाजे ४० ते ८० मिलिग्रॅम. शीग लावून घातला तर दीडपट धरा. आणखी एक पडताळा असा: नवा पुडा फोडला की त्यावर तारीख घाला. घरात चहा पिणारी माणसं किती आणि पाव किलोचा पुडा किती दिवस पुरला, यावरून माणशी रोजची पावडर निघते. आमच्याकडे तिघांत पुडा बारा दिवसांत संपत होता. म्हणजे माणशी सात ग्रॅम रोज, आणि माझं ऑफिसातलं वेगळंच.

इन्स्टंट कॉफीचा कप ५० ते ६५ मिलिग्रॅम, फिल्टर कॉफीचा ८० ते १२०. कोलाच्या ३०० मिलिलीटरमध्ये तीसेक. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलीटरच्या डब्यात ७५. ग्रीन टीतही कॅफिन असतं, गुळाच्या चहातही तेवढंच असतं. साखर बदलली म्हणून पावडर बदलत नाही. आणि डोकेदुखीच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांत एका गोळीमागे ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. मी पहिल्यांदा चहा सोडला तेव्हा दुखणाऱ्या डोक्यावर हीच गोळी दिवसाला दोनदा घेत होते, आणि गोळीने किती छान बरं वाटतंय असं सगळ्यांना सांगत होते.

पायरी ३: दिवस निवडा

मार्चअखेर नको. दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, घरात पाहुणे, रात्रपाळीचा आठवडा, हेही नकोत. लांब गाडी चालवायची असेल, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतात जायचं असेल, तर ते आठवडे आवर्जून टाळा. पहिल्या दिवसांत झोप नकळत गाठते आणि स्टिअरिंगवर किंवा विहिरीच्या काठावर ती गाठायला नको. विडी-सिगारेट सोडायचा विचार असेल तर दोन्ही एकदम करू नका. धुरामुळे शरीर कॅफिन जलद बाहेर टाकतं. धूर थांबला की तोच तेवढा चहा रक्तात जास्त वेळ राहतो आणि माणूस बेचैन होतो. आधी एक, महिन्या-दोन महिन्यांनी दुसरं.

घरातल्यांना सांगून ठेवा. "पुढचे पंधरा दिवस मी चिडले तर मनावर घेऊ नका," एवढं वाक्य पुरतं.

पायरी ४: कप तोच, पावडर कमी

माझा पहिला प्रयत्न सोमवारी सकाळी एकदम बंद करण्याचा होता. मंगळवारी दुपारी डोकं असं धरलं की आकड्यांची एक ओळ तीनदा बेरीज करूनही जमेना. रात्री मुलावर विनाकारण ओरडले आणि मग गॅससमोर उभी राहून मोठा कप भरून प्यायले. एकदम सोडणारेही असतात आणि त्यांचं चार-पाच दिवसांत निभावतं. पण नव्याने करणाऱ्याला मी उतरत्या चमच्याचाच रस्ता सांगेन.

केक करणाऱ्यांकडे असतो तो चमच्यांचा संच आणा, पाव, अर्धा आणि एक असे चमचे असलेला. घरच्या वाकड्यातिकड्या चमच्याने हे जमत नाही. तुमचं भांडं वेगळं करा, नाहीतर घरातले सगळे तुमच्याबरोबर फिक्क्या चहाला लागतील आणि चौथ्या दिवशी बंड होईल.

सुरुवात संध्याकाळच्या कपापासून. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन अकरा वाजता अंथरुणात तुमच्याबरोबर असतं. हा कप गेला की आठवड्याभरात झोप सुधारते आणि सकाळची निकडही थोडी उतरते, म्हणजे पुढची पायरी आपोआप हलकी होते. त्या वेळेला दुसरं काहीतरी गरम प्या. मी गवती चहाची दोन पानं आणि आल्याचा तुकडा उकळून गुळाच्या खड्याबरोबर घेत होते. नावात चहा असला तरी गवती चहात कॅफिन नाही.

पुढे टपरीचा आणि ऑफिसचा चहा. तिथली पावडर आपल्या हातात नसते, किती उकळलाय तेही कळत नाही, म्हणून मोजता न येणारा चहा आधी घालवायचा. तोवर घरचे कप तसेच राहू द्या.

मग घरचे कप. यांची संख्या कमी करू नका, चमचा कमी करा. दर चार-पाच दिवसांनी पाव चमचा. एकाचा पाऊण, पाऊणचा अर्धा, अर्ध्याचा पाव. दूध, आलं, वेलची, कप, बसायची जागा, वेळ, सगळं तेच. रंग फिका पडतो तेव्हा जीव खट्टू होतो, आणि जास्त उकळून तो गडद करायचा मोह होतो. तसं करू नका, नुसता कडवटपणा वाढतो. त्याऐवजी आलं वाढवा, एखादी लवंग टाका, दूध थोडं आटवून घ्या. शेवटी पावडर शून्य होते आणि हातात आलं-वेलचीचं गरम दूध-पाणी उरतं. मला ते आज चहाइतकंच आवडतं, आणि ते सकाळी सहाच्या त्याच खिडकीत बसूनच प्यायचं असतं.

कॉफी पिणाऱ्यांनी हेच चिकोरीच्या मदतीने करावं. चिकोरीच्या मुळात कॅफिन नसतं, तेव्हा मिश्रणातली चिकोरी वाढवत न्यायची. डिकॅफ कॉफी चालते, मात्र तिच्या कपातही थोडं, म्हणजे पाच-दहा मिलिग्रॅमच्या घरात, कॅफिन राहतं.

माझं हे सगळं सहा आठवडे चाललं. दिवसाला दोन-तीन कपांचाच प्रश्न असेल तर तीन आठवड्यांत होईल. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच आणखी आठवडाभर थांबा, मागे जाऊ नका.

पायरी ५: डोकं दुखलंच तर

उतरत्या चमच्याने बहुतेकांना हलकं जडपण येतं, त्यापेक्षा जास्त नाही. तरी दुखलं तर आधी तांब्याभर पाणी, काहीतरी खाणं आणि अर्धा तास डोळे मिटून पडणं. गोळी घ्यायचीच झाली तर साधी पॅरासिटामॉल, नावाखाली कॅफिन लिहिलेलं नाही ना हे बघून. आणि अगदीच सहन होईना तर पाव कप खरा चहा प्या. अर्ध्या-एक तासात डोकं उतरेल. असं केल्याने तुमची मेहनत वाया जात नाही. सीट एका दिवसात वाढत नाहीत.

मात्र प्रत्येक डोकेदुखी चहाच्या माथी मारू नका. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक, प्रचंड वेदना, ताप आणि मान ताठरणं, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय लुळे वाटणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. नऊ-दहा दिवसांनंतरही डोकं रोज दुखत असेल तर कारण दुसरं आहे, तपासून घ्या.

पायरी ६: पोट आणि भूक

याबद्दल मोकळेपणाने कुणी बोलत नाही, पण "चहा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं निम्मं गाव म्हणतं, आणि त्यात तथ्य आहे. कॅफिन आतड्यांना चालना देतं, शिवाय सकाळी रिकाम्या पोटात गरम काही गेलं की ती चालना आपसूकही मिळते. म्हणून उठल्या उठल्या मोठा पेला गरम पाणी, तेही त्याच वेळेला, आणि रात्री पालेभाजी किंवा भिजवलेल्या मनुका. पहिल्या आठवड्यात अवघड जातं, मग आतडी शिकतात.

भुकेचं उलटं होतं. चहा भूक मारतो. बांधकामावरच्या बायका, कारकून, मास्तर, कितीतरी लोक दुपारपर्यंतचा वेळ दोन-तीन चहांवर काढतात. तो आधार गेला की अकरा वाजता पोटात खड्डा पडतो आणि हात फरसाणच्या डब्यात जातो. माझं पहिल्या महिन्यात वजन वाढलं ते यामुळे. सकाळी भाकरी-भाजी किंवा पोटभर उपमा, आणि अकराला फुटाणे किंवा ताक, एवढ्यावर ते थांबलं. तसा साखरेचा हिशेब तुमच्या बाजूनेच आहे. कपाला दोन चमचे धरले तर सहा कपांत साठेक ग्रॅम साखर जाते. तिच्या जागी दुसरं गोड येऊ दिलं नाही तर दोन-तीन महिन्यांत कमरेला जाणवतं.

दुपारी तीन-चारची सुस्ती ही या सगळ्यातली सगळ्यात चिवट गोष्ट. डोकेदुखी आठ दिवसांत गेली, ही महिनाभर राहिली. दहा मिनिटं उन्हात चालून येणं याला माझ्यासाठी तरी दुसरा उपाय ठरला नाही.

पायरी ७: माणसं

आतापर्यंतचं सगळं शरीराचं होतं आणि शरीर दहा दिवसांत ऐकतं. खरं अवघड इथून पुढे आहे. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो असं आपण म्हणतो, ते चवीबद्दल नाही. कुणी दारात आलं की आधण ठेवणं म्हणजे "बसा, घाई नाही" असं सांगणं. मयतीच्या घरीसुद्धा शेजारचे पहिल्यांदा चहाचं भांडं घेऊन येतात. तो कप नाकारला की समोरच्याला वाटतं, आपल्यालाच नाकारलं.

ही रीत तशी फार जुनी नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा समोर आला आणि पुढे रानडे-टिळकांसह कित्येकांना त्यापायी ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. तेव्हाच्या घरांत पाहुण्याला गूळ-पाणी पुढे येत असे. तेवढ्यानेही माणूस बसतो, बोलतो, हे लक्षात ठेवलं की थोडा धीर येतो.

मी सुरुवातीला "मी चहा सोडलाय" असं सांगायचे. मग "का गं? काय झालं? अर्धा कप तरी घे, घोटभर घे," आणि वीस मिनिटं गप्पा माझ्या चहावरच. नंतर माझ्या लक्षात आलं की नुसतं "नको" म्हटलं की घरच्या बाईचे हात रिकामे राहतात, तिला काहीतरी करून द्यायचं असतं. तेव्हा मागून घ्यायचं. "काकू, ताक आहे का हो?" "वहिनी, दारातल्या गवती चहाची दोन पानं उकळून द्याल? पावडर नको." शेवटचे दोन शब्द विसरू नका, कारण आपल्याकडे गवती चहा घालायचा म्हणजे नेहमीच्या चहातच घालायचा. कोकणात, गोव्यात असाल तर कोकम सरबत किंवा धणे-जिऱ्याचा कषाय मागा, आनंदाने मिळेल. ती आत जाते, भांडं ठेवते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बोलता. जे हवं होतं ते झालेलं असतं.

म्हातारी माणसं असतील, फार आग्रह झाला, तर बशीत दोन घोट ओतून घ्या आणि प्या. दोन घोटांनी काही बिघडत नाही. मन दुखावून पाळण्याइतकं हे व्रत कडक नाही.

ऑफिसात मी आणखी एक चूक केली होती. चहा सोडला म्हणून वर्गणी बंद केली. आठवड्यात माझ्या लक्षात आलं की अकराला आणि चारला सगळे उठतात आणि मी एकटी टेबलाशी बसते. कोण कुठे बदलून चाललंय, कुणाच्या मुलीचं ठरलंय, सगळं तिथेच कळतं. मग मी वर्गणी पुन्हा सुरू केली आणि स्वतःचा थर्मास घेऊन त्या घोळक्यात उभी राहायला लागले. हातात वाफाळता कप असला की आत काय आहे ते कुणी विचारत नाही. चहा सोडून एकटे पडलेले लोक परत चहाकडे येतात, हे मी दोन-तीन जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. तेव्हा घोळका सोडू नका.

चांगलं काय होतं, आणि कधी

पहिल्यांदा झोप. माझी दुसऱ्या आठवड्यातच बदलली. अंथरुणाला पाठ लागल्यावर तासभर छताकडे बघणं थांबलं. काहींना या दिवसांत स्वप्नं फार स्पष्ट पडतात, घाबरू नका. मग सकाळ. पूर्वी पहिल्या कपाआधी मी कुणाशी धड बोलत नसे. ती रात्रभरात आलेली कमतरता होती आणि चहा ती भरून काढत होता. आता उठल्यावर जशी असते तशीच नऊ वाजता असते. छातीतली धडधड महिन्याभरात जवळजवळ गेली. पित्त कमी झालं, पूर्ण गेलं नाही. मिरचीचा ठेचा अजूनही बाधतोच.

जे झालं नाही तेही सांगते. कातडी उजळली नाही, कामाचा वेग वाढला नाही, मार्चअखेरीला उशिरापर्यंत बसायची वेळ आली की पूर्वीसारखी ताणता येत नाही, थकवा थेट जाणवतो. हे नुकसान आहे आणि मी ते मान्य केलं आहे.

पुन्हा सुरू झाला तर

माझा दुसरा प्रयत्न भाचीच्या लग्नात मोडला. हळद, लग्न, पूजा, असे तीन दिवस, दर दोन तासांनी ट्रे फिरतोय. चौथ्या दिवशी घरी आले आणि डोकं धरलं. तीन दिवस सलग भरपूर कॅफिन गेलं की शरीर पुन्हा त्याच सवयीला लागू शकतं. म्हणून आता माझा हिशेब साधा आहे. एखाद्या दिवशी घेतला तर घेतला, दुसऱ्या दिवशी लागोपाठ नाही. तेही सकाळी आणि अर्धा कप, कारण सवय मोडल्यावर तेवढ्यानेच छाती उडायला लागते. चार दिवस सलग झालाच, तर खजील होऊन सगळं सोडून देऊ नका. पाव-अर्ध्याचा चमचा काढा आणि पायरी ४पासून आठवड्याभरात उतरा. दुसऱ्या वेळी लवकर होतं.

ज्यांना सोडायचा नाही पण निर्जळी उपास करायचा आहे, किंवा ऑपरेशनसाठी उपाशी राहायचं आहे, त्यांनीही दहा-पंधरा दिवस आधी चमचा उतरवायला घ्यावा. आईचा मी गेल्या श्रावणातल्या शेवटच्या पंधरवड्यात उतरवला. तिला आधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पावडर बदललीस का गं?" मग सांगितलं, आणि ती हो म्हणाली. हरतालिकेला चार वाजता मी आतल्या खोलीत डोकावले तेव्हा ती तिथे नव्हती. बाहेर ओट्यावर बसून पत्री निवडत होती.